सोबत आणि कारण : लालजी सिंह यांच्या लिंगनिश्चिती-संशोधनाची चिकित्सा

डॉ. लालजी सिंह (१९४७–२०१७) हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असले, तर ते ‘भारतीय डीएनए फिंगरप्रिंटिंगचे जनक’ म्हणून. राजीव गांधी आणि बेअंत सिंग यांच्या हत्यांचे तपास, पितृत्वाचे खटले, हैदराबादची पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र संस्था म्हणजे सीसीएमबी, पुढे बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरुपद, २००४ चे पद्मश्री : त्यांच्यावरचे बहुतेक लेख याच मार्गाने जातात. त्यात कुठेतरी एक वाक्य येते की, सापांच्या गुणसूत्रांवर काम करताना त्यांना एक डीएनए सापडला आणि त्यातून फिंगरप्रिंटिंगचे तंत्र जन्मले. त्या एका वाक्यात सुमारे सतरा-अठरा वर्षांचे संशोधन गुंडाळले जाते.

ते संशोधन लिंगनिश्चितीच्या आनुवंशिकीचे होते. नर आणि मादी यांतला भेद गुणसूत्रांच्या पातळीवर कसा ठरतो, हा प्रश्न सिंह यांनी विद्यार्थिदशेत हाती घेतला आणि कारकिर्दीच्या शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांचे मुख्य अनुमान मात्र टिकले नाही. हे आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही; आणि परदेशी पाठ्यपुस्तकांत या कामाचा उल्लेख झालाच, तर तो एक चुकलेली वाट म्हणून होतो. गौरव आणि विस्मरण या दोन्ही रीतींनी एका मोठ्या अभ्यासकाच्या विचाराची चिकित्सा टळते, असे माझे मत आहे. मी या विषयाचा पदवीधर नव्हे. मूळ निबंध मिळवून, कालक्रमाने लावून वाचत गेलेला अभ्यासक आहे. प्रस्तुत लेखात त्या वाचनातून दिसलेले मांडतो.

आधी एका शब्दाचा खुलासा. मराठीत ‘लिंगनिश्चिती’ म्हटले की गर्भलिंगचाचणी आठवते, कारण तिच्या गैरवापराविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ साली केला. त्या चाचणीला ‘लिंगनिदान’ म्हणावे. जे ठरून गेले आहे ते ओळखणे म्हणजे निदान. ते मुळात कशाने ठरते, याचा शोध म्हणजे लिंगनिश्चितीचा अभ्यास. पुढे दिसेल की ‘ओळखणारी खूण’ आणि ‘ठरवणारे कारण’ यांतला हाच फरक सिंह यांच्या कामाच्या मूल्यमापनाची किल्ली आहे.

सापांचा जिना

सस्तन प्राण्यांत मादीत एक्स गुणसूत्रांची जोडी असते, तर नरात एक एक्स आणि एक वाय. जोडी विजोड आहे ती नराची. सापांच्या बहुतेक कुळांत याच्या उलट असते. नरात दोन झेड, मादीत एक झेड व एक डब्ल्यू. म्हणजे जोडी विजोड आहे ती मादीची.

सुसुमु ओह्नो यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात सापांकडे लक्ष वेधले होते. अजगर व बोआ यांच्या कुळांत झेड आणि डब्ल्यू वेगळे ओळखताच येत नाहीत. धामण ज्यात येते त्या कुळात फरक मध्यम आहे. नाग, मण्यार, घोणस अशा विषारी सापांच्या कुळांत डब्ल्यू स्पष्टपणे बदललेला आहे. एकाच प्राणिगटात लिंगगुणसूत्रांच्या उत्क्रांतीच्या पायऱ्या जणू ओळीने मांडून ठेवल्या आहेत, असे हे चित्र होते. फरकाची सुरुवात गुणसूत्राच्या रचनेतल्या उलटापालटीने झाली असावी, असे ओह्नो यांचे म्हणणे.

बनारस हिंदू विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. एस. पी. रायचौधुरी यांच्या हाताखाली सिंह यांनी याच पायऱ्यांवर काम केले. १९७० साली या गटाने आपल्या ओळखीच्या मण्यारीत एकाहून अधिक लिंगगुणसूत्रे असल्याचे, म्हणजे मादीत डब्ल्यूचे दोन भाग असल्याचे प्रसिद्ध केले. १९७१ च्या निबंधात त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे. काही सापांत झेड आणि डब्ल्यू दिसायला सारखेच असतात. तरीही पेशीविभाजनाआधी डब्ल्यूची नक्कल उशिरा होते आणि मादीच्या पेशीकेंद्रात त्याचा गडद ठिपका दिसतो. म्हणजे आकार बदलण्याआधी वर्तन बदलले आहे. त्यावरून या गटाने ओह्नो यांचा क्रम उलटवला : आधी डब्ल्यू घट्ट व निष्क्रिय होतो, रचनेचे बदल नंतर येतात.

पंचविशीच्या आतल्या संशोधकाने, रंगद्रव्ये, सूक्ष्मदर्शक आणि किरणोत्सारी खूण एवढ्या सामग्रीवर, जगन्मान्य ग्रंथातील एका विधानाला पुराव्यानिशी हरकत घेतली, ही गोष्ट मला त्यांच्या कारकिर्दीत सर्वांत मोलाची वाटते. निरीक्षण नेमके होते, आणि अनुमान निरीक्षणाच्या जवळच थांबले होते.

बीकेएम

१९७४ मध्ये सिंह एडिंबरा विद्यापीठात गेले. तेथे के. डब्ल्यू. जोन्स हे गुणसूत्रावर विशिष्ट डीएनए नेमका कुठे आहे हे दाखवणाऱ्या तंत्राचे आरंभीचे जाणकार होते. ‘वर्तन आधी बदलते’ या अनुमानाला आता रेणूंच्या भाषेत तपासता येणार होते. पट्टेरी मण्यारीच्या मादीच्या डीएनएमधून त्यांनी एक गौण अंश वेगळा केला. बँडेड क्रेट मायनर या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘बीकेएम’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९७६ च्या निबंधात सिंह, पर्डम आणि जोन्स यांनी दाखवले की अशा प्रकारचा अंश डब्ल्यू गुणसूत्रावर दाटून असतो. आणि ज्या सापांत डब्ल्यू अजून झेडसारखाच दिसतो, पण वागायला वेगळा आहे, त्यांतही तो असतो. बनारसच्या कामाला यामुळे रेण्वीय आधार मिळाला.

पुढे बीकेएमची अक्षरे वाचली गेली, तेव्हा तो मुख्यत्वे चार अक्षरांच्या लहानशा शब्दाची पुन:पुन्हा आवृत्ती निघाला : जीएटीए, जीएटीए, जीएटीए, अधूनमधून जीएसीए. प्रथिन बनवण्याची कृती सांगणारे जनुक त्यात नव्हते. तरी हा अंश सापांपुरता मर्यादित नव्हता. उंदराच्या वाय गुणसूत्रावर, मध्यबिंदूजवळ, तो साचलेला आढळला.

इथे एडिंबराच्या प्रयोगशाळेची कल्पनाशक्ती पेटली असणार. साप आणि उंदीर यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटल्या. त्यांची लिंगगुणसूत्रे स्वतंत्रपणे घडली. तरीही दोघांच्याही विजोड गुणसूत्रावर तोच शब्द घोकला जातो. मग लिंगनिश्चितीशी त्याचा संबंध असलाच पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक होते.

पण याच निरीक्षणात एक इशारा होता. सापात बीकेएम मादीकडे साचतो, उंदरात नराकडे. जी खूण एका ठिकाणी मादीबरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी नराबरोबर येते, ती नर किंवा मादी घडवण्याची आज्ञा असू शकत नाही. ती फार तर ‘हे गुणसूत्र जोडीदारापासून फारकत घेतलेले आहे’ एवढे सांगेल. फारकत घेतलेल्या गुणसूत्राचे स्वरूप आणि लिंग ठरवणारी कळ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘लिंगनिश्चिती’ या एका शब्दाखाली ते एकत्र बांधले गेले, आणि पुढची अडचण तिथे सुरू झाली.

उंदराचा पुरावा

ब्रूस कॅटनॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली उंदरांतील एका विलक्षण दोषाचे वर्णन केले होते. या उंदरांत गुणसूत्रांनी मादी असलेली, म्हणजे दोन एक्स असलेली पिल्लेही नर म्हणून वाढतात. या दोषाला ‘एसएक्सआर’ असे नाव आहे. दोन एक्स असूनही नरत्व कुठून आले, हे कोडे होते.

१९८२ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात सिंह आणि जोन्स यांनी त्याचे उत्तर दिले. बीकेएमची खूण लावून पाहता या नर पिल्लांच्या एका एक्सच्या टोकाशी ती चमकली. बापाच्या वायवर तिची एक जादा प्रत टोकाला होती. शुक्रपेशी तयार होताना वायच्या टोकाचा तुकडा दरवेळी एक्सवर जातो आणि तो मिळालेली पिल्ले नर होतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच वर्षी इव्हान्स, बर्टनशॉ आणि कॅटनॅक यांनी सूक्ष्मदर्शकाच्या पुराव्याने स्वतंत्रपणे तेच दाखवले. हा निष्कर्ष आजही उभा आहे. वायचा एक लहान तुकडा नर घडवायला पुरतो, आणि तो शोधायचा कुठे, हे यातून स्पष्ट झाले.

मात्र निबंध जे सिद्ध करतो आणि त्यातून जी आशा धरली गेली, त्यांत अंतर आहे. सिद्ध झाले ते असे : नरत्व देणाऱ्या तुकड्यावर बीकेएम आहे. आशा अशी : नरत्व बीकेएममुळे येते. १९८४ च्या पुढच्या निबंधात हे आवर्ती शब्द पेशीत आरएनएच्या रूपात उतरतात, असे दाखवले गेले. आणि एसएक्सआर म्हणजे काय, हे बीकेएमवरूनच ठरते अशी भाषा तिथे आली. चोराच्या गाडीवर विशिष्ट रंगाची पाटी असेल तर गाडी पकडायला पाटी उपयोगी पडते. म्हणून चोरी पाटीने केली असे होत नाही. बीकेएम ही उत्तम पाटी होती.

सोबत आणि कारण वेगळे करायला दोन कसोट्या लागतात. खूण नसताना परिणाम दिसतो का? आणि खूण एकटीच दिली तर परिणाम घडतो का? पहिल्या कसोटीकडे जाणारा पुरावा लवकरच आला. १९८५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसाच्या वायवर बीकेएमचा तसा साठा आढळला नाही. माणसातही वायच नरत्व देतो. मग साचलेला बीकेएम नरत्वासाठी आवश्यक आहे, हे म्हणणे कठीण झाले.

१९९० नंतर

चूक एकट्या एडिंबराची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. त्या काळात नरत्वाच्या कारणाचे तीन मोठे उमेदवार पुढे आले आणि तिन्ही बाद झाले. एच-वाय हे प्रतिजन वृषण घडवते असा समज होता. १९८४ मध्ये ॲन मॅकलॅरन आणि सहकाऱ्यांनी ते प्रतिजन नसलेले, तरी वृषण असलेले उंदीर दाखवून तो मोडला. १९८७ च्या डिसेंबरात डेव्हिड पेज यांच्या गटाने झेडएफवाय हे जनुक मांडले. ते नसलेले, दोन एक्सचे पुरुष १९८९ मध्ये सापडले. तिसरा उमेदवार बीकेएम.

१९९० मध्ये लंडनच्या गुडफेलो आणि लव्हेल-बॅज यांच्या गटांनी एसआरवाय हे जनुक शोधले. १९९१ मध्ये कूपमन आणि सहकाऱ्यांनी चौदा हजार अक्षरांचा, हे जनुक असलेला तुकडा दोन एक्स असलेल्या उंदराच्या भ्रूणात घातला आणि तो नर म्हणून वाढला. दुसरी कसोटी ती हीच. झेडएफवाय सुचवणाऱ्याला किंवा बीकेएम सुचवणाऱ्याला ती देता आली नव्हती. एसएक्सआरच्या तुकड्यावर हे जनुक होतेच. बीकेएम त्याच तुकड्यावरचा शेजारी होता.

झेडएफवायचे प्रकरण इंग्रजी लोकविज्ञानात पुन:पुन्हा सांगितले जाते. पेज यांच्या कीर्तीला त्याने बाध आला नाही; वायचा अभ्यास त्यांनी पुढे नेला. बीकेएमचे प्रकरण मात्र आपण भारतीयांनीच झाकून ठेवले. कोणाचा अनादर होईल या भीतीने असेल. परंतु बाद झालेले अनुमान ही संशोधकाची नाचक्की नसते. तपासता येईल असे काही तो बोलला होता, याची ती पावती असते.

ओळखीचे तंत्र

१९८५ मध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी लेस्टरमध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंग जाहीर केले. माणसागणिक लांबी बदलणाऱ्या आवर्ती शब्दांवर ते आधारलेले होते. सिंह यांच्या हाती दशकभर आवर्ती शब्दच होते. १९८७ मध्ये ते हैदराबादला सीसीएमबीत आले आणि बीकेएमपासून तयार केलेल्या खुणेने त्यांनी माणसांची ओळख पटवणारे तंत्र उभे केले. केरळमधील एका पितृत्वाच्या खटल्यात ते न्यायालयात वापरले गेले, आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

‘अपयशातून यश’ असे या टप्प्याचे वर्णन करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण तसे म्हणताना लिंगनिश्चितीचे काम केवळ एक पायरी ठरते. खरा दुवा अधिक बारीक आहे. फिंगरप्रिंटिंगला कारण लागत नाही, खूण पुरते. कोणता पट्टा कुठे आहे एवढेच न्यायालयाला हवे असते. तो पट्टा शरीरात काय करतो याच्याशी खटल्याला कर्तव्य नसते. बीकेएम ज्या बाबतीत बलवान होता, त्याच बाबतीत त्याची परीक्षा झाली, म्हणून तो उतरला. लिंगनिश्चितीत त्याच्याकडून कारण होण्याची अपेक्षा होती, म्हणून तो पडला. रेणू तोच, प्रश्न वेगळा.

देशात या तंत्राचे मोल मोठे होते, यात वाद नाही. परक्या प्रयोगशाळेकडे नमुने न पाठवता इथेच पुरावा तयार होऊ लागला. पण या यशाने मागच्या प्रश्नावर पडदा टाकला, हेही खरे. ‘जनक’ या बिरुदाने संशोधक तंत्रज्ञ म्हणून लक्षात राहिला.

सोडून न दिलेला प्रश्न

सिंह यांनी स्वतः तो प्रश्न टाकला नव्हता. १९९४ मध्ये त्यांच्या गटाने बीकेएमला चिकटणाऱ्या एका प्रथिनाचे वर्णन केले. ते विजोड गुणसूत्रे असलेल्या लिंगाच्या जननपेशींत आढळते, म्हणजे उंदरात नराच्या आणि सापात मादीच्या. एरवी घट्ट मिटलेले वाय किंवा डब्ल्यू जननपेशींत उलगडते आणि या उलगडण्यात बीकेएमचा हात असावा, अशी त्यांची मांडणी झाली. २००३ मध्ये सुब्रमणियन, मिश्रा आणि सिंह यांनी संगणकावर अनेक जीवांचे जीनोम चाळून या शब्दांचा लिंगगुणसूत्रांशी असलेला संबंध तपासला. २०१३ मध्ये सीसीएमबीच्याच गटाने ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये दाखवले की जीएटीएच्या आवृत्त्या जनुकांच्या नियंत्रणात कुंपणासारखे काम करू शकतात. त्या निबंधाच्या लेखकांत सिंह यांचे नाव आहे.

या तीन निबंधांत अनुमानाची भाषा हळूहळू बदललेली दिसते. ‘लिंग कशाने ठरते’ पासून ‘गुणसूत्र कसे मिटते आणि उलगडते’ इथपर्यंत ती आली. म्हणजे १९७१ च्या बनारसमधील प्रश्नाशी परत पोहोचली. माझी तक्रार एवढीच की हा बदल कुठे मोकळेपणाने मांडलेला मला आढळला नाही. आपले आधीचे अनुमान कुठे अडले आणि नवे त्यापासून कसे निराळे आहे, असा निबंध सिंह यांनी लिहिला असता, तर तरुण भारतीय संशोधकांना तो पुरस्कारांच्या यादीपेक्षा अधिक उपयोगी पडला असता.

सापांच्या जिन्याबद्दलही फेरविचार करावा लागतो. २०१७ मध्ये गॅम्बल आणि सहकाऱ्यांनी बोआ आणि अजगर यांच्या एकेका जातीत झेड-डब्ल्यू नसून एक्स-वाय पद्धत असल्याचे दाखवले. म्हणजे जी कुळे जिन्याची सर्वांत खालची पायरी मानली गेली, त्यांतल्या या जाती त्या जिन्यावर नव्हत्याच. त्या वेगळ्या वाटेने गेल्या होत्या. आज जिवंत असलेल्या प्राण्यांची ओळ लावून तिला काळाची ओळ समजणे धोक्याचे, हा यातला धडा ओह्नो आणि रायचौधुरी-सिंह या दोघांनाही लागू आहे. शिवाय आवर्ती डीएनए साचल्यामुळे गुणसूत्र फारकत घेते, की जोडीदाराशी देवाणघेवाण थांबल्यामुळे तो साचत जातो, या प्रश्नावर आज अभ्यासकांचा कल मुख्यतः दुसऱ्या उत्तराकडे आहे. १९७१ चे निरीक्षण मात्र या सर्वांतून सुटून उभे राहते : आकार सारखा असताना वर्तन वेगळे असू शकते. ते कोणत्याही जिन्यावर अवलंबून नाही.

मूल्यमापन

लालजी सिंह यांच्या लिंगनिश्चिती-संशोधनाचा ताळेबंद मांडायचा तर तो असा होईल. डब्ल्यूच्या वर्तनाचे निरीक्षण पक्के. बीकेएमचा शोध पक्का. एसएक्सआरमध्ये वायचा तुकडा एक्सवर जातो हा निष्कर्ष पक्का, आणि एसआरवायपर्यंतच्या वाटेवरचा तो एक महत्त्वाचा टप्पा. बीकेएम स्वतः लिंग ठरवतो, हे अनुमान बाद. जननपेशींतील भूमिकेचे अनुमान लक्षवेधी आणि अजून तपासण्याजोगे.

हा ताळेबंद कोणत्याही देशाच्या संशोधकाला अभिमान वाटावा असा आहे. त्यातली बाद झालेली ओळ खोडली, तर उरलेल्या ओळींचा एकमेकींशी संबंध तुटतो. बनारसचा तरुण एडिंबराला का गेला, मण्यारीचा डीएनए उंदरावर का लावून पाहिला, हैदराबादला येईपर्यंत आवर्ती शब्दांचे इतके ज्ञान त्याच्यापाशी कसे साठले, यातले काहीच मग समजत नाही. सगळे योगायोगाने सापडले, अशी दंतकथा तेवढी उरते.

जौनपूर जिल्ह्यातील कलवारी या गावातून आलेल्या या माणसाचे सविस्तर, चिकित्सक चरित्र कोणी लिहायला घेतले, तर त्याने फिंगरप्रिंटिंगच्या प्रकरणाआधी १९७१, १९७६ आणि १९८२ हे तीन निबंध शेजारी ठेवावेत, आणि १९८५ चा माणसाच्या वायवरील विरोधी अभ्यास त्यांच्याच पंक्तीला बसवावा. तो अभ्यास वाचल्यावाचून पहिल्या तिन्हींचे खरे वजन कळत नाही.